पंप मिरजेत, रुग्ण अजून वाटेत

महोदय,

हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाला तात्पुरता आधार देणाऱ्या यंत्रांविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. मिरजेत अतिदक्षता विभागात मी अनेक वर्षे परिचारिका होते, म्हणून हे पत्र.

झटका आलेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा रुग्णांना कार्डिओजेनिक शॉक होतो. हृदयाची ताकद इतकी खालावते की मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. अशा वेळी जांघेतील धमनीतून बलून पंप बसवायचा, ही आमच्या काळची रीत होती. त्या बलूनमुळे महिन्याभरातील मृत्यू कमी होत नाहीत, असे २०१२ साली जर्मनीतील ६०० रुग्णांच्या अभ्यासात दिसले, आणि अशा रुग्णांच्या उशाशी रात्री काढलेल्या आम्हाला ते पचवणे जड गेले. हृदयाच्या डाव्या जवनिकेतले (खालच्या कप्प्यातले) रक्त ओढून महाधमनीत सोडणाऱ्या इम्पेला पंपाने मात्र, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, निवडक रुग्णांमधील सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आणले. त्याच रुग्णांत रक्तस्राव, डायलिसिसची गरज आणि पायाचा रक्तपुरवठा अडणे हेही जास्त आढळले. म्हणूनच दर तासाला पावलावरची नाडी चाचपणारी, पाऊल गार पडत नाही ना हे पाहणारी प्रशिक्षित परिचारिका नसेल, तिथे असे यंत्र नुसते विकत घेऊन ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

पण माझी खरी तळमळ वेगळीच आहे. जतकडचा एक शेतकरी दुपारी आमच्याकडे आला, तेव्हा त्याचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता, हात थंडगार होते आणि लघवीची पिशवी जवळजवळ कोरडी होती. आधीच्या रुग्णालयाच्या चिठ्ठीवर वरचा रक्तदाब ८० लिहिला होता, वेळ मात्र सकाळची होती. आम्हाला कोणी फोनही केला नव्हता. तो वाचला नाही.

जत तालुक्याच्या पूर्व टोकाहून मिरजेला यायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचे हातपाय गार असतील आणि वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल, तर पहिल्याच रुग्णालयाने ईसीजी मोबाईलवर पुढे पाठवावा, पुढच्या डॉक्टरांशी बोलावे आणि रुग्णाला मध्ये कुठेही न थांबवता १०८ ने थेट रवाना करावे. अँजिओप्लास्टी आणि असे पंप चोवीस तास कुठे उपलब्ध आहेत, सरकारी योजनेत त्यांतले काय बसते, याची यादी जिल्हा आरोग्य विभागाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लावावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त परिचारिका, मिरज