शुल्कमाफीला जामीन कोण? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी विक्रोळी पार्कसाइटला राहते आणि मुंबईच्या उपनगरातील एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात एमसीएच्या, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला शिकते. गेल्या मंगळवारी महाविद्यालयाच्या कार्यालयाने माझा परीक्षेचा अर्ज घेतला नाही. खिडकीपलीकडच्या लिपिकांनी माझ्या नावापुढचा आकडा वाचून दाखवला, ‘थकबाकी ४६,००० रुपये’. मी म्हटले, ‘सर, मला शुल्कमाफी आहे.’ ते म्हणाले, ‘माफी शासनाने दिली, पैसे दिलेले नाहीत. आले की परत करू, तोपर्यंत भरा.’ माझ्यामागे रांगेत नऊ मुली उभ्या होत्या आणि त्यांतल्या पाच जणींना हेच उत्तर मिळाले. त्या लिपिकांवर माझा राग नाही. वर्षभर हेच वाक्य बोलून तेही थकलेले दिसतात. माझे भांडण आपल्याशी आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

आपल्या विभागाने ८ जुलै २०२४ रोजी शासन निर्णय काढून असे ठरवले की, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के सवलत मिळेल, आणि ती २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू होईल. माझे वडील पवईतील एका इमारतीत सुरक्षारक्षक आहेत आणि आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. ही बातमी आईने केंद्रातच ऐकली आणि त्या रात्री घरी येऊन मला सांगितली. तेव्हा माझ्या हातात ऐरोलीतील एका कंपनीचे नेमणूकपत्र होते, पगार महिना १६,००० रुपये. मी ते परत केले आणि प्रवेश परीक्षेच्या गुणांवर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली एमसीएची जागा घेतली. मंत्रिमहोदय, मी ती नोकरी आपल्या निर्णयाच्या भरवशावर सोडली आहे. एका वर्षाचे १,९२,००० रुपये आमच्या घरात आले नाहीत, आणि ही रक्कम शासनाच्या कोणत्याही तक्त्यात कधीच दिसणार नाही.

प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयाने ९२,००० रुपये शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम भरायला सांगितली आणि एका हमीपत्रावर माझी व वडिलांची सही घेतली. शासनाकडून रक्कम न आल्यास ती आम्ही भरू, असे त्यात लिहिले होते. वडिलांनी तो कागद तीनदा वाचला आणि मला विचारले, ‘सरकार देणार म्हणतंय, मग आपली सही कशाला?’ मला उत्तर देता आले नाही. सही न केल्यास जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. आईच्या चार बांगड्या पतपेढीत तारण ठेवून आम्ही ते पैसे भरले. त्याला आता चौदा महिने झाले, पहिल्या वर्षाचा एक रुपयाही परत आलेला नाही, आणि दुसऱ्या वर्षाचे ४६,००० पुन्हा मागितले जात आहेत. खरे पाहता हा व्यवहार शासन आणि महाविद्यालय यांच्यातला आहे. शासनाने शब्द दिला, महाविद्यालयाचा त्या शब्दावर विश्वास नाही, आणि म्हणून त्या शब्दाला जामीन राहिल्या आहेत माझ्या आईच्या बांगड्या.

माझा अर्ज उशिरा गेला किंवा अपुरा होता असेही नाही. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, प्रवेशाचे वाटपपत्र, गुणपत्रिका, शिधापत्रिका, कुटुंबातील दोनच अपत्ये लाभ घेत असल्याचे घोषणापत्र, आधारशी जोडलेले बँक खाते, हे सारे मी पहिल्याच महिन्यात जोडले. नोव्हेंबरात अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत आला, कारण वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधार कार्डावर एक ‘ए’ जास्त होता. शपथपत्र करायला गेले तर पाचशेचा मुद्रांक आणायला सांगण्यात आले. अशा दाखल्यांसाठीच्या शपथपत्रांना मुद्रांक शुल्क माफ असल्याचे शासनाने जाहीर केलेले आहे, हे मी तेथे उभी राहून सांगितले, तेव्हा मला ‘मग मंत्रालयात जाऊन करून घ्या’ असे उत्तर मिळाले. मी पाचशे रुपये दिले. वडिलांनी त्या कामासाठी दोन खाडे केले. दुरुस्त अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर सात आठवडे आणि त्यावरच्या कार्यालयात पाच महिने पडून राहिला. मी अकरा वेळा चौकशीला गेले, आणि प्रत्येक वेळी ‘वरून निधी आला की होईल’ एवढेच ऐकले. हे ‘वर’ नेमके कुठे आहे, ते मला आजपर्यंत कोणीही दाखवलेले नाही.

आपल्या या योजनेला राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचे नाव आहे, म्हणून एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण हवे, हे त्यांनी ओळखले, आणि वसतिगृहातले जेवण त्याच दिवशी ताटात पडायचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. दरमहा या शब्दाकडे आपण लक्ष द्यावे. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात, हे त्या काळातील संस्थानिकांना कळत होते. संगणकाच्या एका कळीवर खात्यात पैसे जमा करू शकणाऱ्या आजच्या शासनाला ते चौदा महिन्यांत जमू नये, याचे कारण तंत्रज्ञान असू शकत नाही.

हा केवळ माझ्या प्रवर्गाचा किंवा आपल्याच खात्याचा प्रश्न नाही. माझी वर्गमैत्रीण लातूर जिल्ह्यातून आली आहे. तिला शासकीय वसतिगृह मिळाले नाही, म्हणून समाजकल्याण खात्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत ती पात्र ठरली. मुंबईसाठी त्या योजनेत वर्षाला ६०,००० रुपये ठरवले आहेत: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये होतात. कालिना-वाकोला भागात ती सहा मुलींबरोबर एका खोलीत कॉट बेसिसवर राहते आणि त्या कॉटचेच ५,५०० देते. ही अपुरी रक्कमही वर्ष संपत आल्यावर येते. मध्ये एक महिना ती दुपारचे जेवण टाळत होती. मला ते ती चक्कर येऊन प्रयोगशाळेत खाली बसली तेव्हा कळले. तेव्हापासून आई माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त देते.

मदत मागण्यापेक्षा काम करून शिका, असे आम्हाला सांगितले जाते. मलाही काम करूनच शिकायचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याला या महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. आज ‘कमवा आणि शिका’ या नावाने चालणाऱ्या योजनेत माझे नाव गेल्या वर्षी नोंदवले गेले. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी चार तास, मी पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिके घेते, त्यांच्या जर्नल तपासते, बंद पडलेले संगणक सुरू करते. महिना १,५०० रुपये मानधन ठरले होते. सही केलेल्या हजेरीपत्रकांच्या छायाप्रती माझ्याकडे आहेत, मानधन मात्र दोनच महिन्यांचे मिळाले, आणि आता ‘तुम्हाला अनुभव प्रमाणपत्र देऊ’ असे सांगितले जात आहे. आमच्या वस्तीच्या टेकडीपलीकडे पवईला आयआयटी आहे. तेथे गेट परीक्षेतून आलेल्या एमटेकच्या विद्यार्थ्याला शिकवण्यात मदत करण्याबद्दल दरमहा १२,४०० रुपये साहाय्यवृत्ती मिळते. ती मिळायलाच हवी, उलट आजच्या महागाईत तीही अपुरीच आहे. परंतु तेच काम टेकडीच्या अलीकडे केले तर त्याला मोल का नाही? राज्यातील महाविद्यालयांत प्रात्यक्षिके विद्यार्थी घेतात, आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक उन्हाळ्यात बिनपगारी घरी बसतात. ज्यांच्या श्रमावर शिक्षण चालते, त्यांचा पगार तेवढा कायम थकलेला असतो.

याचे मूळ मला खूप मागे दिसते. १९८३ साली महाराष्ट्राने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि तेव्हापासून शासनाने स्वतः महाविद्यालये बांधण्याची जबाबदारी हळूहळू अंगावेगळी केली. पुढे शुल्क सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा ते शुल्क विद्यार्थ्यांच्या वतीने शासनाने भरून देण्याच्या, म्हणजे प्रतिपूर्तीच्या, योजना आल्या. म्हणजे जो पैसा शासकीय महाविद्यालयात वर्ग, प्रयोगशाळा आणि कायम प्राध्यापक उभे करू शकला असता, तो खासगी संस्थांचे शुल्क भरण्यासाठी जातो, आणि तोही वेळेवर जात नाही. अशा महाविद्यालयांचे शुल्क ठरवण्यासाठी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. शुल्क किती घ्यावे यावर ते नियंत्रण ठेवते, मग शासनाने आपला वाटा कोणत्या तारखेपर्यंत द्यावा यावर नियंत्रण ठेवणारे कोणी का नसावे? विद्यार्थिनीला एक दिवस उशीर झाला तर विलंब शुल्क लागते. शासनाच्या चौदा महिन्यांच्या विलंबाचे व्याज माझी आई पतपेढीत भरते आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. प्रतिपूर्तीची तारीख शासन निर्णयातच लिहावी, आणि ती चुकल्यास महाविद्यालयाला द्यायचे व्याज शासनाने सोसावे. शुल्कमाफीस पात्र मुलीकडून हमीपत्र घेणे आणि प्रतिपूर्ती आली नाही म्हणून तिचा परीक्षेचा अर्ज किंवा गुणपत्रिका अडवणे यावर स्पष्ट बंदी असावी, आणि ती मोडणाऱ्या संस्थेवर कारवाई व्हावी. अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस आहे हे त्या टेबलाच्या अधिकाऱ्याच्या पदनामासह अर्जदाराला दिसावे. विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिकांचे काम घेतले तर त्याचे मानधन दरमहा बँकेत जमा व्हावे. यांतील एकाही गोष्टीसाठी नवीन योजना किंवा नवीन नाव लागणार नाही.

परीक्षेचा अर्ज विलंब शुल्कासह भरण्याची मुदत २१ तारखेला संपते आणि पतपेढीच्या तारणाची मुदत ३० तारखेला. वडिलांनी इमारतीच्या सचिवांकडे आगाऊ पगार मागितला आहे, त्यांनी अजून होकार दिलेला नाही. माझ्या अर्जाची पोचपावती, हमीपत्राची प्रत आणि हजेरीपत्रके घेऊन मी आपल्या कार्यालयात कोणत्याही दिवशी येण्यास तयार आहे. मला २१ तारखेच्या आत उत्तर हवे आहे.

आपली,
एमसीए द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी
विक्रोळी पार्कसाइट, मुंबई