छोट्या रुळांना नागपूरचा उन्हाळा

संपादक महोदय,

छंदांच्या पानावर मॉडेल रेल्वे क्वचितच दिसते, म्हणून हे. झेड स्केल म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:२२० आकाराचे मॉडेल, रुळांतले अंतर जेमतेम ६.५ मिलिमीटर. थंडीत १२ अंशांना फट न ठेवता जोडलेले निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ मे महिन्यात ४५ अंशांना मीटरमागे अर्धा मिलिमीटर वाढतात, वाकतात, गाडी घसरते. तेवढी फट सोडावी. फटीशी तुटणारी रुळांतली वीज तारेने पुढे न्यावी. खरा वैरी मात्र कूलर! त्याच्या ओलाव्याने रुळांखालचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) फुगतो. प्लायवूड घ्यावे, दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारून. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, सँडपेपरच्या ओरखड्यांत मळ साचतो. मोतीबागेच्या संग्रहालयातली ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज करायची असेल, तर हेच रूळ १:१२० प्रमाणात जवळजवळ चपखल बसतात.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर