मिरगाचा संत्रा, घरचा छेना

नागपूर,
२२ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काकूंना, म्हणजे तुझ्या आईंना, हल्ली जेवण जात नाही, म्हणून परवा फोनवर तू विचारलंस, "काकाजी जेवत नव्हते तेव्हा तुम्ही त्यांना नेमकं काय दिलं होतं?" मी सांगितलं, संत्रा आणि छेना, म्हणजे लिंबानं फाडलेल्या दुधाचा मऊ चोथा. तू म्हणालास, "एवढंच?" तेवढ्यात आतून काकूंनी हाक मारली आणि आपलं बोलणं तिथंच राहिलं. तेव्हापासून तुझं ते 'एवढंच' मनातून जात नाही. खरंच एवढंच आहे. पण त्यात लपायला जागा नाही. आपल्या रश्श्यात एखादी गोष्ट कमी पडली तर मसाला सांभाळून घेतो. इथे संत्रा पाणचट असला की पाणचटच लागणार. आणि जेवणावरची वासना उडालेल्या माणसापुढे एकदा बेचव वाटी ठेवली, की दुसऱ्यांदा तो तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. म्हणून फोन न करता बसून लिहितोय. पत्र लांबेल. काकू दुपारी झोपल्या की वाच.

बाबांचं, म्हणजे तुझ्या काकाजींचं, तुला माहीतच आहे. आई गेल्यावर त्यांनी काटोलची बाग ठेक्यानं दिली आणि ते आमच्याकडे प्रतापनगरला राहायला आले. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला, दहा दिवस दवाखान्यात काढले. घरी आले ते बरे होऊन, पण भूक तिकडेच ठेवून आल्यासारखे. ताट आलं की तोंड खिडकीकडे. तुझ्या वहिनीनं काय केलं नाही? मऊ खिचडी, भाताची पेज, मुगाचं वरण, शेवयांची खीर. दोन घास घ्यायचे आणि हात धुवायचे. आमच्या लक्षात फार उशिरा आलं की त्यांना फोडणीचा वासच सहन होत नव्हता. सैपाकघरात तेल तापलं की ते बाहेर गॅलरीत जाऊन बसत. ज्या माणसानं आयुष्यभर तर्री वरून मागून घेतली, त्याला कढईचा वास नकोसा व्हावा, हे बघताना जीव तुटायचा रे.

लेक तेव्हा सुट्टीवर आली होती. ती हॉटेल मॅनेजमेंट शिकते, तिच्या डोक्यात असं काहीबाही असतं. ती म्हणाली, आजोबांना गरम नको, वास नको, चावायला नको, तर मग थंड द्या ना. तिनं सांगितलं की इटलीत सिसिली बेटावर संत्र्याच्या चकत्यांवर मीठ, मिरी आणि ऑलिव्हचं तेल घालून खातात. आणि टोमॅटोसोबत म्हशीच्या दुधाचं मोझरेला नावाचं मऊ, ताजं चीज खातात. दोन्ही एकत्र करून पाहू म्हणाली. मी म्हटलं, संत्रा तर आपल्या घरचाच आहे, चीज कशाला आणतेस, छेना करू. असं ते सुरू झालं.

आता आधी संत्र्याचं सांगतो, कारण निम्मं काम तिथंच होतं.

आपल्याकडे दोन बहार. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबर उतरतं. मृग बहार पावसाच्या तोंडाशी फुलतो आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाती येतं. गावाकडे सगळे त्याला मिरगाचा संत्राच म्हणतात. आंबियाचं फळ बाजारात ढिगानं येतं, पण गोडी मिरगाला जास्त. थंडीभर झाडावर राहून तो भरतो. तुला हवा तो हाच, आणि आत्ता त्याचेच दिवस आहेत.

पुण्यात घ्यायची वेळ आली तर नीट बघून घे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गाडीवर पाटी 'नागपूर' आणि टोपलीत किन्नो, हे आमच्या इथेसुद्धा होतं. मागच्या डिसेंबरात मलाही एका दुकानदारानं तसेच दिले आणि मी घाईत घेतले. किन्नो हे किंग आणि विलो लीफ या दोन जातींच्या संकरातून कॅलिफोर्नियात तयार झालेलं फळ. पंजाबात त्याच्या मोठ्या बागा आहेत. वाईट नाही, रस भरपूर असतो, पण बिया फार आणि छेन्याबरोबर त्याचा कडवटपणा पुढे येतो. ओळखायला सोपं आहे. किन्नोची साल चकचकीत, गर्द नारिंगी आणि फळाला घट्ट चिकटलेली. आपल्या संत्र्याची साल सैल, जराशी खडबडीत, देठाकडे किंचित वर उचललेली. सैल म्हणजे पोकळ मात्र नको. हातात घेतल्यावर दिसतो त्यापेक्षा जड लागला पाहिजे. हलका लागला तर आतला रस सुकलेला. सालीवर थोडी हिरवट झाक असली म्हणून टाकून देऊ नकोस. रंग थंडीनं चढतो, गोडी आतली असते.

छेन्याला गाईचं दूध घे, एक लिटर. म्हशीचं घेऊ नकोस. म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि केसीन हे प्रथिन दोन्ही जास्त, त्यामुळे त्याचं पनीर घट्ट होतं, भाजीला छान, पण इथे दाताखाली करकरतं. गाईच्या दुधाचा छेना जिभेवर विरघळतो. आमच्या गल्लीतल्या गवळ्याकडे दोन गवळाऊ जातीच्या गाई आहेत, त्यांचं दूध मी सांगून ठेवतो. तुला तिथे पिशवीतलं मिळेल, तेही चालतं; फक्त ते लांब टिकणारं खोक्यातलं नको, त्याचा छेना नीट जमत नाही.

दूध मोठ्या पातेल्यात उकळव. एक उकळी आली की गॅस बंद कर आणि दोन-तीन मिनिटं नुसतं थांब. दोन मोठे चमचे लिंबाचा रस चार-पाच चमचे पाण्यात मिसळून ठेव आणि तो चमच्या-चमच्यानं सोड. ढवळायचं ते अगदी हलक्या हातानं, पातेल्याच्या कडेनं. आधी काहीच होत नाही. मग दूध दाटसर दिसू लागतं, आणि एका क्षणी बघता बघता पांढरे गोळे एकीकडे आणि हिरवट, पारदर्शक निवळी दुसरीकडे होते. त्या क्षणी लिंबू थांबव, मग वाटीत रस उरला असला तरी. पहिल्या दिवशी मी उरलेला सगळा ओतला आणि छेना आंबट, रवाळ झाला; बाबांनी एक चमचा घेऊन वाटी बाजूला सारली. दूध फाटलं की लगेच पेलाभर गार पाणी घाल म्हणजे छेना आणखी शिजत नाही. जास्त शिजला की रबरासारखा होतो.

मग मलमलच्या फडक्यात ओत, वरून गार पाणी सोडून लिंबाचा आंबटपणा धुऊन काढ आणि नळाला टांगून ठेव. अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. वजन ठेवायचं नाही, पिळायचं नाही. फडकं उघडशील तेव्हा तो ओलसर, दहीवड्यासारखा मऊ असला पाहिजे. चिमूटभर मीठ घालून बोटांनी सैलसर मोकळा कर. लिटरमागे दीड वाटीच्या आसपास मिळतो. निवळी फेकू नकोस, तिच्यात कणीक भिजव, पोळ्या मऊ होतात. छेना मात्र त्याच दिवशी संपव, फार तर दुसऱ्या दिवशी, आणि तोही फ्रिजमध्ये झाकून. काकूंसारख्या अशक्त माणसाला शिळा नको.

आता फोडी. हे काम मला सगळ्यात आवडतं.

नुसता संत्रा सोलून फोडी टाकल्या तर म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात पापुद्रा राहतो, तो चघळत बसावा लागतो आणि मग नको वाटतं. प्रत्येक फोड पापुद्र्यातून मोकळी करायची. आधी वरच्या पांढऱ्या शिरा काढ. मग फोडीची आतली बारीक कड, जिथे बिया असतात, ती छोट्या कात्रीनं काप. बिया अंगठ्यानं बाहेर ढकल. पापुद्रा दोन्ही बाजूंनी मागे उलटव, पुस्तक उघडल्यासारखा, आणि पाठीवरून सोडव. आतला गर अख्खा हातात येतो. उजेडात धर, रसाचे दाणे एकाला एक लागून बसलेले दिसतात. एका संत्र्यात दहा-बारा फोडी. दोन संत्र्यांना मला पंधरा मिनिटं लागतात. हे आधी करून ठेवू नकोस, वाढायच्या वेळी कर. बियांत आणि पापुद्र्यात जे असतं त्यामुळे रस सुटून राहिला की हळूहळू कडवट होतो. सकाळी काढून ठेवलेला संत्र्याचा रस दुपारी कडू लागतो, तो याचमुळे.

थाळीत आधी फोडी, त्यावर छेन्याची ढेकळं, मीठ आधी आहेच, वर ताजी कुटलेली मिरी अगदी थोडी. पुदिन्याची चार पानं हातानं तोडून. तेल घालायचं तर एक छोटा चमचा ऑलिव्हचं. नसलं तर काही घालू नकोस, आपलं शेंगदाण्याचं किंवा जवसाचं तेल त्यात वासाला फार येतं. सांबार घालायचा मोह होईल (तुम्ही पुण्याचे झालात, कोथिंबीर म्हणा), पण तो संत्र्याचा सुगंध खाऊन टाकतो. काकूंना साखर आहे, म्हणून मध नको, आणि दिवसाला किती फोडी चालतील हे एकदा डॉक्टरांना विचारून घे.

फळं बदलायची असतील तर पेरू चालतो, पिकलेला, बिया काढून. द्राक्षं अर्धी करून चालतात, डाळिंबाचे दाणे चालतात. कच्चा अननस मात्र छेन्याबरोबर अजिबात नको. तुझ्या वहिनीनं एकदा हौसेनं घातला आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवला; काढला तेव्हा छेना इतका कडू की सगळा टाकावा लागला. अननसात ब्रोमेलिन असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. किवीचंही तसंच, पपईतही तसलंच द्रव्य असतं.

आता त्या दिवसाचं सांगतो, कारण ते मी तुला फोनवर सांगूच शकलो नाही.

पहिल्या दिवशी आंबट झालेला छेना त्यांनी सारला, ते वर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या समोरच बसून फोडी सोडवू लागलो. माझ्या हातून गर फुटत होता, रस कोपरापर्यंत. बाबा बराच वेळ बघत होते. मग काही न बोलता त्यांनी हात पुढे केला. मी संत्रा दिला. त्यांनी तो उलटा धरला, देठ खाली, आणि बुडाशी अंगठ्याचं नख टेकवलं. दहा दिवस सलाईन लावलेला तो हात, मागे अजून निळा डाग होता. पण साल अशी निघाली की एका तुकड्यात, ताऱ्यासारखी टेबलावर पसरली. मग फोड. कात्री त्यांनी घेतलीच नाही, कड नखानंच उघडली. गर अख्खा. तो थाळीत ठेवायच्या ऐवजी त्यांनी तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलले: "मिरगाचा हाय. पण पाणी उशिरा तोडलंन त्यानं."

ठेकेदारानं बागेला ताण द्यायला उशीर केला, हे त्या माणसाला एका फोडीत कळलं होतं. ताण म्हणजे काय हे मी त्यांना विचारलं, मला ठाऊक असूनही. ते सांगत राहिले: झाडाचं पाणी तोडायचं, पानं जरा मलूल होऊ द्यायची, मगच बहार एकसारखा फुटतो. सांगता सांगता हात चालू होता. चार संत्रे त्यांनी सोलले. छेना मी मध्ये मध्ये वाढत होतो आणि ते बोलण्याच्या भरात खात होते. मी तुझ्या वहिनीकडे पाहिलं तर ती सैपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी.

त्यानंतर महिनाभर रोज अकरा वाजता हेच. सोलायचं काम त्यांचं, छेना माझा. एप्रिलमध्ये संत्रे संपले तोवर ते वरण-भातावर आले होते.

म्हणून काकूंपुढे तयार थाळी नेऊन ठेवू नकोस. त्यांच्या जवळ बस, परात मध्ये ठेव, आणि संत्रा त्यांच्या हातात दे. लहानपणी आपण दोघं शाळेतून आलो की त्या ओसरीवर बसून आपल्याला पेरूच्या फोडी करून द्यायच्या, मीठ-तिखट लावून, तुला आठवतं? त्यांची विळी किती सरसर चालायची. आता विळी नको, कात्रीही तूच धर. पण बिया काढायला, पुदिना तोडायला त्यांना सांग. नाही म्हणाल्या तर तू आपलं करत राहा, त्यांना बघू दे.

शुक्रवारी भाचा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला निघतोय, त्याच्यासोबत पेटी पाठवतो. काटोलहून परवाच उतरवलेला माल आहे, यंदा पाणी वेळेवर तोडलं होतं, बाबांनी स्वतः निवडून भरलाय. स्टेशनवर घ्यायला जा, भाच्याकडे सामान बरंच आहे. घरी नेल्याबरोबर पेटी उघड, फळं एकेक करून वाऱ्यावर पसर, दबलेला एखादा असेल तो आधी वापर, नाहीतर शेजारचे खराब होतील. पेटीत वरच्या बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा संत्रे वेगळे आहेत. ते बाबांनी काकूंसाठी ठेवलेत, त्यांच्याच हातात दे.

छेना कसा झाला ते लगेच कळव. आंबट झाला किंवा रवाळ झाला तर लिंबू किती घातलंस तेवढं लिही, मी सांगतो. काकूंना बाबांचा आणि माझा नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
प्रतापनगरचा दोस्त