झोपेची वही

प्रिय नंदू,

अनेक आशीर्वाद. रेवाला बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा मनाचा आजार, आहे हे कळल्यापासून तू एकच विचारतो आहेस, "मी नेमकं काय करू?" सगळ्यात आधी झोपेकडे बघ.

उन्मादाची, म्हणजे मन बेफाम चढण्याची, चाहूल बोलण्यात किंवा खर्चात दिसण्याआधी बहुतेकदा झोपेत दिसते. जागरण झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पेंगतो. उन्मादाकडे चाललेल्या माणसाला झोपेची गरजच वाटत नाही. म्हणून वहीत रोज एकच ओळ असू दे: "१.३० ला झोपले, ४.४५ ला उठले, दिवसभर थकवा नाही." अशा लागोपाठ दोन ओळी आल्या तर तिसऱ्या रात्रीची वाट बघू नकोस, डॉक्टरांना फोन कर. वही शक्यतो तिनेच लिहावी. तू लपून लिहिलीस तर तो पहारा होईल, आणि मग ती तुला खरं सांगणार नाही. जागरणानेही झटका ओढवतो, तेव्हा रात्रीचा प्रवास आणि रात्रपाळी टाळा.

ती बरी असताना दोघं बसून एक कागद करा. कोणती लक्षणं दिसली की कुणाला फोन करायचा, बँकेचं कार्ड कुणाकडे ठेवायचं, दाखल व्हायची वेळ आली तर कुठे, हे तिच्याच अक्षरात आणि खाली तिची सही. उन्मादात तिला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही, उलट कधी नव्हे इतकं छान वाटतं. तेव्हा वाद घालून काही पदरात पडत नाही. स्वतःच्या अक्षरातलं मात्र कधीकधी ऐकलं जातं.

लिथियम, हे मन स्थिर ठेवणारं औषध, चालू आहे ना, तर हे नीट वाच. त्याची पातळी तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं: रात्री ९ ला गोळी, सकाळी ९ ला रक्त. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. आधी घेतली तर पातळी खोटी वाढलेली दिसते आणि डोस विनाकारण कमी होऊ शकतो. साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) ही पातळी धरतात. किडनी आणि थायरॉइडची तपासणीही ठरल्या वेळी व्हायला हवी. जुलाब, उलट्या, खूप घाम, अचानक मीठ तोडणं किंवा अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेणं, यांनी लिथियम अंगात साठतं. हात जोरात थरथरले, चाल डगमगली, जीभ जड झाली तर पुढची गोळी न देता त्याच क्षणी दवाखान्यात ने. एरवी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या एकदम सोडू देऊ नकोस. झटका उलटण्याचं ते मोठं कारण आहे.

नैराश्यात "जरा उभारी धर" असलं काही बोलू नकोस, तिला ते आणखी लागतं. "चल, दहा मिनिटं गॅलरीत बसू," एवढं पुरे. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचार. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. कसं मरायचं हे तिने ठरवलेलं असेल तर तिला एकटं सोडू नकोस, गोळ्या आपल्या ताब्यात घे आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठ. नैराश्याची गोळी दुसऱ्या कुणाकडून परस्पर सुरू करू नका, नुसत्या त्या गोळीनेही काहींना उन्माद चढतो.

आणि हो, ती खळखळून हसली की लगेच वही उघडू नकोस. तिच्या प्रत्येक आनंदावर संशय घेतलास तर ती आतल्या आत मिटत जाईल.

पुढच्या भेटीला तिला विचारून सोबत जा. वही न्यायला विसरू नका.

तुझी,
आई