कुटुपालाँगहून आबांना

कॉक्स बाजार, बांगलादेश

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. वादळात केळीची बाग आडवी झाल्याचे वाचून वाईट वाटले. पंचनामा झाला का, ते कळवावे.

मी इथे नेमके काय करते, असे तुम्ही विचारले आहे. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित कुटुपालाँगच्या छावणीत आणि आसपासच्या टेकड्यांवर आले; बांबू-ताडपत्रीच्या त्यांच्या वस्तीत पाणी आणि शौचालये पुरवण्याचे काम माझ्याकडे आहे. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक शौचालय, असे आमचे मानक. माझ्या भागात कागदोपत्री ते पूर्ण झाले होते, तरी बायका अंधार पडेपर्यंत तिकडे फिरकत नव्हत्या आणि त्यासाठी दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या, कारण दारे थेट वाटेवर उघडत होती आणि आतून कडी नव्हती. आमच्या एकाही तक्त्यात कडीचा रकाना नव्हता. नळावर कळशी भरता भरता एका म्हातारीने हे सांगितले, तेव्हा दारे फिरवून कड्या बसवल्या.

आईला सांगावे की २०१८ पासून इथे गॅस मिळू लागला. पऱ्हाट्यांचा धूर तिने जन्मभर सोसला. इथल्या मुलींना सरपणासाठी जंगलात जावे लागे आणि तिथे हत्तींपेक्षा माणसांचे भय अधिक होते. माझ्या मते कुठल्याही प्रबोधन-बैठकीपेक्षा सिलिंडरने बायकांचे अधिक भले केले. मात्र निधी आटल्यावर २०२३ मध्ये माणशी महिन्याचे रेशन १२ डॉलरवरून ८ डॉलरवर आले, आणि ज्या घरांत मी जात होते तिथे घास आधी आईच्या ताटातला कमी झाला.

२०१८ च्या नोंदणीत १२ वर्षांवरील प्रत्येकाला स्वतःचे ओळखपत्र मिळू लागले, हे तुम्हाला विशेष वाटेल. तुम्ही धडगावला तलाठी असताना सरदार सरोवराच्या बुडिताच्या याद्या पाहिल्या आहेत. १९७९ च्या नर्मदा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यात पुनर्वसनासाठी सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला गेला, सज्ञान मुलगी नाही. इथे ओळखपत्र बाईचे असले तरी रेशन कुटुंबाच्या कार्डावरच मिळते. परवा एक बाई ओळखपत्र पदरात गुंडाळून आली आणि तिने विचारले, नवऱ्याने दुसरी केली तर रेशनचे कार्ड कोणाकडे राहील? मी तिला लगेच उत्तर देऊ शकले नाही.

त्या याद्यांच्या वेळी तुमच्याकडे असे विचारायला कोणी बाई आली होती का? आठवत असल्यास सविस्तर लिहावे.

आईस नमस्कार.

तुमची लेक