जेत्यांबद्दलचे मत एका रात्रीत बदलले नाही

संपादक महोदय,

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांनी अमेरिकी सैन्याला लगेच आपलेसे केले, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पराभूत जर्मनी जेत्यांनी विभागांत वाटून घेतली होती; अमेरिकी लष्करी प्रशासन १९४५ पासून आपल्या विभागात जनमत चाचण्या घेत होते. नोव्हेंबर १९४५ ते डिसेंबर १९४६ या काळात सरासरी ४७ टक्के लोकांचे मत होते, की नाझीवाद ही कल्पना चांगली होती, पण राबवली वाईट. प्रश्न विचारणारा जेत्यांच्याच पदरचा असूनही हे उत्तर!

पोटाची चिंता होतीच. माणशी रोजचे १५५० कॅलरींचे रेशन १९४६ च्या वसंतात १३०० च्याही खाली आले. पण खोल सल होता तो नाझी कोण होते हे शोधण्यासाठी भरून घेतलेल्या १३१ प्रश्नांच्या प्रश्नावलीचा. पक्षसदस्यत्व, नोकरी, उत्पन्न, सगळे लिहून द्यायचे. मग शेजारी किंवा पाद्री यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा. लोक त्याला ‘पर्सिल दाखला’ म्हणत. पर्सिल हा तिथला कपडे धुण्याचा साबणचुरा; म्हणजे डाग धुऊन काढणारा दाखला. चूक झाली ती क्रमात. सोपी प्रकरणे आधी घेतली, त्यामुळे कारकून-शिक्षक आधी भरडले गेले. मोठ्यांची पाळी येईपर्यंत १९४८ उजाडले आणि धोरणच सैल झाले. हा अन्याय लोकांना स्पष्ट दिसत होता.

नूर पालटला तो जून १९४८ नंतर. २० तारखेला नवे चलन आले, माणशी आधी ४० मार्क, आणि दुकाने भरली. चारच दिवसांत सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. तेव्हा अमेरिकी आणि ब्रिटिश विमानांनी शहराला पिठापेक्षा कितीतरी जास्त कोळसा वाहून नेला.

सोव्हिएत विभागात मात्र कारखाने आणि रेल्वेचे दुसरे रूळही उखडून नेले जात होते.

— इतिहासाचा एक अभ्यासक