कार्नेगी हॉलचं दार १९३८ च्या आधीच उघडलं होतं

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला जॅझवरचा लेख वाचला. गोरा जॅझ वादक बेनी गुडमनने १६ जानेवारी १९३८ ला कृष्णवर्णीय वादकांसाठी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या संगीत सभागृहाचं दार उघडलं, हे वाक्य तुम्ही चौकट करून छापलं आहे. ते साफ चूक आहे. त्या रात्री टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन हे कृष्णवर्णीय वादक गोऱ्या वादकांच्या बरोबरीने वाजवत होते, हे त्या मैफलीचं मोल कोणी नाकारत नाही. पण दार उघडणारे वेगळेच होते, आणि ते स्वतः कृष्णवर्णीय होते.

गायिका सिसिरेटा जोन्स १५ जून १८९२ ला तिथे गायल्या. इमारत सुरू होऊन वर्षच झालं होतं. त्यांना खालचं छोटं सभागृह मिळालं. मुख्य रंगमंच पुढच्या वर्षी.

आणि २ मे १९१२ लेखकाने कसा गाळला? वाद्यवृंद संचालक जेम्स रीज युरोप यांनी क्लेफ क्लब या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वादकांच्या संघटनेचे सव्वाशेच्या आसपास वादक त्या मंचावर बसवले होते, एकजात कृष्णवर्णीय. सिम्फनी वाद्यवृंदाची नेहमीची मांडणी त्यांनी घेतलीच नाही. पहिली व्हायोलिन ठेवली. दुसऱ्या व्हायोलिनच्या जागी मँडोलिन आणि बँजो. तारा सतत छेडल्या जात असल्याने खाली एक अखंड ठेका राहायचा, जो गजाच्या वाद्यांतून येत नाही. ओबो या फुंकवाद्याच्या जागी दोन क्लॅरिनेट. स्वरांचा भराव द्यायला मागे दहा पियानो! हे वादक कॅफे-हॉटेलांत वाजवून पोट भरणारे. सगळ्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं, म्हणून बऱ्याच जणांनी आपला भाग कानाने बसवला होता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या संगीतशाळेसाठी ही मैफल होती आणि सभागृह भरलेलं होतं. गुडमनच्या आधी सव्वीस वर्षं.

त्याच पानावर कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना कार्नेगी हॉलने प्रवेश नाकारला असंही लिहिलंय. नकार १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलचा होता. कार्नेगीत त्या १९२८ मध्येच गायल्या होत्या.

चूक चौकटीत छापलीत, तर दुरुस्तीही चौकटीतच छापा. आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळी नकोत.

– एक वाचक, पुणे